नाताळच्या भेटी, एका भेटीला चाळीसच्या आत: प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आम्ही बारा विद्यार्थी, माणशी १५० रुपये वर्गणी, एकूण १८००. प्रत्येकाने चार भेटी द्यायच्या आहेत, म्हणजे ४८ नग. बांधाबांधीचं सामान धरून एका नगाला साडेसदतीस रुपये पडतात.

एकट्याने करायला घेतलं तर हा हिशोब बसत नाही. एका मेणबत्तीला ६५ ग्रॅम मेण लागतं, पण घाऊक दुकानात किलोच्या खाली मिळत नाही. एका वहीला दहा ताव लागतात, पण रीम पाचशेचं. एकट्या विद्यार्थ्याचे पैसे भेटीत कमी आणि उरलेल्या सामानात जास्त अडकतात. बाराजणांनी मिळून घेतलं की तेच मेण आणि तेच रीम पुरतं किंवा वाटून संपतं. म्हणून पहिला नियम असा की सामान एकत्र आणायचं आणि उरलेलं कुणाकडे पडू द्यायचं नाही.

दुसरा नियम: वस्तू त्याच दिवसांत वापरली गेली पाहिजे. या नियमाने छापील मग, फोटोची चौकट आणि पुठ्ठ्याचे शोपीस गळले. घरगुती साबण वेगळ्या कारणाने गळला. कॉस्टिक सोड्याचा साबण कापल्यावर चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो. आज घातला तरी २५ डिसेंबरला जेमतेम पाच आठवडे होतात, आणि वसतिगृहाच्या खोलीत कॉस्टिक हाताळणं आम्हाला मान्य नाही.

ठरलेली यादी: कागदी तारे १२, शिवलेल्या वह्या १४, मेणबत्त्या १२, कुलकुलची (नारळाच्या दुधातला शिंपल्यासारखा तळलेला गोड पदार्थ) पाकिटं १०.

क्रम उलटा लावला. वसईच्या गावांत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत घरोघर तारे लागलेले असतात. २४ तारखेला दिलेला तारा वर्षभर माळ्यावर पडून राहील. त्यामुळे तारे ८ डिसेंबरच्या आत पोचवायचे. वह्या मधे, त्यानंतर मेणबत्त्या, आणि कुलकुल शेवटच्या शनिवारी.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आल्यावर एक तारा नमुन्याचा बांधला.

माप एकदा नीट समजलं की तारा सोपा आहे. ३० सेंटिमीटरच्या पाच कामट्या एकमेकींवरून नेऊन पंचकोनी तारा होतो. प्रत्येक कामटीला दोन ठिकाणी दुसऱ्या कामट्या छेदतात. ते छेद कामटीच्या दोन्ही टोकांपासून ११.५ सेंटिमीटरवर येतात आणि मधे ७ सेंटिमीटर उरतात. ही खूण पेन्सिलने आधीच करून ठेवावी. खुणा न करता नुसत्या नजरेने बांधलेल्या ताऱ्याचा एक पाय आखूड होतो आणि ते भिंतीवर टांगल्यावरच दिसतं.

असे दोन तारे करायचे, पाठीला पाठ लावायचे आणि पाचही टोकं एकमेकांना बांधायची. मग आतल्या पाच छेदांवर दोन ताऱ्यांच्या मधे आडव्या काड्या घुसवायच्या, म्हणजे तारा फुगतो. या काड्यांचं माप आम्ही मुद्दाम ७ सेंटिमीटर घेतलं. तसं केलं की ताऱ्याच्या पुढच्या-मागच्या पाकळ्या आणि बाजूच्या फटी असे वीसही त्रिकोण सारखेच येतात: पाया ७, बाजू ११.५. एकच साचा कापून सगळा कागद बेतता येतो. मधल्या काड्या ९ किंवा १० च्या घेतल्या की बाजूच्या त्रिकोणांचा साचा वेगळा लागतो आणि कागद वाया जातो.

दोन कामट्या काड्या घुसवताना कडकन मोडल्या. कारण दोन: कामट्या कोरड्या होत्या आणि ३ मिलिमीटरपेक्षा जाड होत्या. मधोमध साडेतीन सेंटिमीटरचा बाक यावा लागतो. ४ मिलिमीटर रुंद, २ मिलिमीटर जाड अशी तासून, दोन तास पाण्यात भिजवून पुन्हा घातल्यावर एकही मोडली नाही. बांबूची गाठ छेदाजवळ येता कामा नये. कामटीची हिरवी, गुळगुळीत पाठ बाहेरच्या अंगाला ठेवावी, कारण ताण बाहेरच्या अंगावर येतो आणि बांबूचा चिवट धागा पाठीकडेच जास्त असतो.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

शनिवारी मतमोजणी, म्हणून मुंबईची खरेदी एक दिवस आधी उरकली. ज्यांच्याकडे रेल्वेचा पास आहे असे दोघेच गेले, त्यामुळे तिकिटाचा खर्च नाही. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवर मेण, वाती आणि तेल; तिथून चालत क्रॉफर्ड मार्केटकडे, अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद.

पॅराफिन मेण १ किलो १८०. पत्र्याची टिकली लावलेल्या वाती १५ नग ४५. गवती चहाचं तेल ५० मिली १५०. ए-४ कागदाचं रीम, ८० जीएसएम, २८०. रंगीत ताव १४ नग ४२. पतंगी कागद १४ ताव ८४. पांढरा डिंक अर्धा किलो १४०. गोधडीचा जाड सुती दोरा ४०, बांधणीचा बारीक दोरा ३०.

वसईत बुरुडाकडून तासलेल्या कामट्या ४५ मीटर, १८०. बारा ताऱ्यांना ४० मीटर लागतात. पाच मीटर मोडतोडीला. कुंभाराकडे दिवाळीतली बोळकी उरली होती, ती १५ नग १२० ला घेतली. बोळक्यात मेणबत्ती छान दिसेल असं वाटलं. आधी एक नग आणून जाळून बघायला हवं होतं (८ डिसेंबरची नोंद पाहा).

पुठ्ठा विकत घेतला नाही. लेखनाच्या पॅडची पाठ, शर्टाच्या खोक्यातली पाटी आणि जुन्या दिनदर्शिकांची पाठ जमा केली. कापड शिंप्याकडच्या कातरणातून.

२४ नोव्हेंबर, रविवार

बारा तारे. सहाजण कामट्या बांधत होते, सहाजण कागद कापत होते.

बांधणीत पहिल्या तासाला एक चूक सगळ्यांकडून झाली: छेद आधी बांधले आणि टोकं नंतर. तसं केलं की शेवटच्या टोकाला दोन कामट्या एकमेकींना भेटतच नाहीत. आधी पाचही टोकं बांधायची, मग छेद पेन्सिलच्या खुणांवर सरकवून बसवायचे आणि शेवटी छेदांना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन गाठ. मधल्या काड्यांच्या दोन्ही टोकांना पात्याने बारीक खाच पाडली, म्हणजे कामटी खाचेत बसते आणि काडी निसटत नाही.

खळ: मैदा ५० ग्रॅम, पाणी ३०० मिली. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. वर चिमूटभर तुरटी. बाइंडर मंडळी किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि हे तारे लहान मुलांच्या हातात जाणार आहेत, म्हणून घातलं नाही. दोन दिवसांत खळ आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करावी.

खळ पातळ झाली की पतंगी कागदाचा रंग सुटतो. लाल कागद पांढऱ्याला लागला आणि दोन तारे गुलाबी डागांचे झाले. त्यांचे ते त्रिकोण काढून पुन्हा लावले. खळ बोटाने कामटीला लावावी, कागदाला नाही. कागद लावताना हलका सैल राहिला तरी चालतो, वाळताना तो आपसूक ताणला जातो. ओढून लावलेला कागद रात्रीत छेदाजवळ फाटतो.

आधी बाजूचे दहा त्रिकोण, मग पुढच्या आणि मागच्या पाकळ्या, शेवटी पुढचा पंचकोन. मागचा पंचकोन उघडाच ठेवायचा, दिवा तिथून आत जातो. सेंटिमीटरभर चिकटपट्टी धरून एका तावात एक तारा आरामात बसतो. दोन ताव शिल्लक.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ताऱ्यासोबत दिवा द्यायचा का? होल्डर, वायर, पिन आणि दिवा धरला तर ताऱ्याची किंमत तिप्पट होते. पण दिवाळीच्या आकाशकंदिलाची वायर आणि होल्डर बहुतेक घरांत असतोच, आणि तोच ताऱ्यालाही चालतो. म्हणून तारा नुसता द्यायचा. चाचणीसाठी अर्धा वॅटचा एलईडी नाइट लॅम्प ४० ला आणला. आत तो कागदाला न टेकता बसतो आणि चार तासांनंतरही कागद गार होता. प्रत्येक ताऱ्याला चिठ्ठी: फक्त अर्धा वॅटचा एलईडी, जुना तारेचा पिवळा दिवा नको, होल्डरची वायर वरच्या टोकाला बांधा, लोंबकळती ठेवू नका, रात्री दव पडतं, म्हणून तारा पडवीत टांगा, उघड्यावर रंग ओघळतो.

१ डिसेंबर, रविवार

नाताळआधीच्या आगमन काळातला पहिला रविवार. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर दुपारी वह्या सुरू.

ए-४ चा ताव मधोमध कापून ए-५, त्याची घडी घालून ए-६. एका जुजात (एकात एक दुमडून शिवायच्या गठ्ठ्यात) असे चार ताव, एका वहीत पाच जुज. म्हणजे ८० पानांची वही, ए-४ चे दहा ताव. चौदा वह्यांना १४०. उरलेले ३६० ताव माणशी ३० प्रमाणे वाटले आणि त्याचे २०० रुपये वर्गणीत परत जमा झाले.

ए-६ हेच माप घेण्यामागे खिशात मावण्यापलीकडे एक कारण आहे. कागदाचे तंतू एका दिशेने धावतात. कॉपीच्या ए-४ कागदात ते सहसा लांब बाजूला समांतर असतात. तो कापून ए-५ केला आणि घडी घातली की तंतू घडीला समांतर येतात. वही नीट उघडते आणि पानं सपाट पडतात. तोच ए-४ न कापता नुसता दुमडून ए-५ ची वही केली तर घडी तंतूंना आडवी पडते, कण्याजवळ पानं ताठ राहतात आणि वही उघडून ठेवली की आपसूक मिटते. रीमबद्दल शंका असेल तर एक चौकोन कापून एका बाजूने ओला करावा: कागद नळीसारखा गुंडाळतो आणि नळीची लांबी तंतूंच्या दिशेने येते.

घडी चमच्याच्या पाठीने दाबली. भोकं पाडायला पुठ्ठ्याची पट्टी कापून त्यावर वरून १५, ५४, ९४ आणि १३३ मिलिमीटरवर खुणा केल्या; ती पट्टी घडीत ठेवून टोच्याने भोक. पट्टीशिवाय पाडलेली भोकं जुजागणिक सरकतात आणि कणा वाकडा होतो.

एका वहीला मीटरभर दोरा. मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घेतला, म्हणजे गुंता होत नाही आणि गाठ धरते. पहिल्या जुजात पहिल्या भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून आत, चौथ्यातून बाहेर. दुसरा जुज वर ठेवून चौथ्यातून आत, तिसऱ्यातून बाहेर. आता सुई खालच्या जुजाच्या बाहेरच्या दोऱ्याखालून काढून मग दुसऱ्यातून आत, पहिल्यातून बाहेर. तिथे सुरुवातीला सोडलेल्या टोकाशी गाठ. तिसऱ्या जुजापासून दर टोकाला सुई खालच्या दोन जुजांच्या मधून नेऊन फास घ्यायचा.

दोरा ओढायचा तो कण्याच्या लांबीच्या दिशेने. स्वतःकडे, म्हणजे घडीला काटकोनात ओढला की भोक फाटून चीर पडते. आज चार जुज असे फाटले. फाटलेला बाहेरचा ताव बदलला, आतले तीन वापरले.

७ डिसेंबर, शनिवार

सगळे बारा तारे काल संध्याकाळपर्यंत पोचले. लोकलमध्ये नेताना दोन-दोन तारे काठीला अडकवून उभे नेले. पिशवीत घातलेल्या एकाचा पंचकोन फाटला, शिल्लक तावातून दुरुस्त केला.

आज वह्यांना पुठ्ठे. कण्याला आधी डिंकाचा पातळ हात, वर मलमलीची पट्टी, दोन्ही बाजूंना दोन सेंटिमीटर बाहेर. रंगीत तावाचे अस्तर. पुठ्ठ्याचं माप १५४ × १०२ मिलिमीटर, दोन नग. कण्याची पट्टी १५४ × ६. दोन्ही सांध्यांना ७ मिलिमीटर जागा. कापड २५५ × १८५. सांधा ५ मिलिमीटरचा ठेवलेली वही उघडत नाही, आणि १० चा ठेवला तर पुठ्ठा लटपटतो.

शिंप्याकडच्या पातळ सुती कापडातून डिंक वर आला आणि चकचकीत डाग पडले. उपाय: कापडाला मागून खळीने पातळ कागद चिकटवून रात्रभर वाळवायचं, मग डिंक. खळ वर आली तरी वाळल्यावर दिसत नाही, डिंक दिसतो.

तीन पुठ्ठे कमानीसारखे वाकले. पुठ्ठ्यालाही तंतूंची दिशा असते आणि हे तीन आडवे कापले गेले होते. पुठ्ठा हातात धरून दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघावा. ज्या दिशेने सहज वाकतो त्या घडीची रेघ कण्याला समांतर हवी. तिन्ही काढून नवे लावले. अस्तर चिकटवल्यावर पानांना ओल लागू नये म्हणून मधे बटर पेपर, वर दोन विटा, बारा तास. चाकूने कडा छाटायचा मोह टाळला. चार तावांच्या जुजात कड मिलिमीटरभरही पुढेमागे होत नाही, आणि हाताने छाटलेली कड हमखास दातेरी दिसते.

चौदाच्या चौदा पूर्ण.

८ डिसेंबर, रविवार

मेणबत्तीची चाचणी. बोळकी नापास.

पणती तेल पिऊ नये म्हणून आपण ती आधी पाण्यात भिजवतो. एक बोळकं तसं भिजवून, पुसून त्यात मेण ओतलं: मेणात बुडबुडे आले आणि वात तडतडत विझली. दुसरं कोरडं घेतलं: तासाभरात बोळक्याखालच्या कागदावर मेणाचा तेलकट गोल उमटला. झिलई नसलेल्या भाजक्या मातीला सूक्ष्म छिद्रं असतात, पातळ मेण त्यातून झिरपतं. टेबलक्लॉथ खराब होईल एवढंच नाही, मेणाने भिजलेली माती काठाजवळ स्वतःच वातीसारखी पेटू शकते. दुसऱ्याच्या घरात जाणारी वस्तू आहे. बोळकी रद्द.

त्याऐवजी कटिंग चहाचे ग्लास. भांड्यांच्या दुकानात डझन १२० ला. काच जाड, बूड जाड, गरम चहासाठीच केलेले. काठोकाठ ९० मिली पाणी मावतं. ७० पर्यंत भरायचं.

तीन जाडीच्या वाती तीन ग्लासांत दोन-दोन तास जाळल्या. बारीक वातीने मधे खड्डा पाडला आणि कडेचं मेण तसंच राहिलं. जाड वातीची ज्योत चार सेंटिमीटर उठली, काच काजळली. मधल्या वातीने दोन तासांत मेण काठापर्यंत वितळवलं आणि ज्योत अडीच सेंटिमीटरच्या आत राहिली. तीच घ्यायची.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तेरा बोळकी शिल्लक होती आणि १२० रुपये गेलेले होते. ज्या मातीने मेणबत्ती बिघडवली तीच रोपाला मानवते. ख्रिस्तजन्माच्या गोठ्यात हिरवळीसाठी नाचणी पेरण्याची रीत गोव्यात आहे, तीच इथे लावली. कुणाच्या घरी गोठा असेल तर गोठ्यात, नसेल तर खिडकीत.

नाचणी १० रुपयांची. काल रात्री भिजत घातली. बोळक्यात तीन-चतुर्थांश चाळलेली माती, वर चमचाभर नाचणी दाट पसरली, त्यावर मातीचा नुसता भुरका. दोन दिवस ओल्या फडक्याखाली, मग उजेडात. तळाला भोक नाही, त्यामुळे पाणी ओतायचं नाही, फक्त शिंपडायचं. पाणी साचलं की बुरशी येते आणि रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. उन्हात ठेवली तर रोज फिरवावी, नाहीतर सगळी एका बाजूला झुकतात.

१५ डिसेंबर, रविवार

मेणबत्त्या, बारा नग. एका ग्लासात ६३ ग्रॅम मेण, एकूण ७५६. चाचणीतलं धरून किलोत बसलं.

मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण. थेट आचेवर कधीच नाही. मेणाला धूर येऊ लागला म्हणजे ते पेटण्याच्या वाटेवर आहे. पेटलंच तर गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. पाणी ओतलं की भडका उडतो. झाकण आधीच शेजारी काढून ठेवलं होतं.

८० अंशांला गॅस बंद. ७५ ला तेल घातलं, वजनाच्या ४ टक्के, म्हणजे ग्लासमागे अडीच ग्रॅम, आणि दोन मिनिटं हळू ढवळलं. त्याहून जास्त तेल मेण धरत नाही, वर घाम आल्यासारखे थेंब सुटतात. ग्लास कोमट करून घेतले. वात बुडाशी वितळलेल्या मेणाच्या थेंबाने चिकटवली, वरून कपड्याच्या चिमट्यात मधोमध धरली. ७० ला ओतलं.

जे तीन ग्लास ओट्यावर ठेवले होते त्यांचं मेण काचेपासून सुटलं आणि आत पांढरे ढग दिसले. कडप्पा गार असतो, बूड झटकन थंड होतं. बाकीचे नऊ लाकडी पाटावर ठेवले, पंखा बंद. ते स्वच्छ निघाले. ढगांनी जळण्यात फरक पडत नाही, ते तीन तसेच दिले.

मेण गार होताना आकसतं आणि वातीभोवती खड्डा पडतो. त्यासाठी पाचवा हिस्सा मेण राखून ठेवलं होतं. वर साय धरली, पण आत अजून मऊ आहे, अशा वेळी वातीजवळ काडीने तीन भोकं पाडून राखलेलं मेण ओतलं. पूर्ण घट्ट झाल्यावर ओतलं तर वरचा थर वेगळा सुटतो.

रंगासाठी मुलांचे मेणखडू वापरायची सूचना आली होती. त्यातली रंगाची पूड वातीत अडकते आणि ज्योत मरते. दालचिनीचे तुकडे, संत्र्याच्या वाळक्या चकत्या आत रोवल्या की चित्रात सुंदर दिसतात, पण ज्योत तिथवर पोचली की त्या दुसऱ्या वातीसारख्या पेटतात. मेणात वातीशिवाय काहीही नाही.

चिठ्ठी: वात दर वेळी ५ मिलिमीटर ठेवून कापा, पहिल्यांदा किमान दोन तास जाळा, म्हणजे मेण काठापर्यंत वितळेल, तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबवा, पुढे काच तडकू शकते. उरलेलं मेण ग्लास फ्रीजमध्ये ठेवला की सुटतं. बेसिनमध्ये गरम पाण्याने धुऊ नका, पाइपात गोठतं.

२१ डिसेंबर, शनिवार

कुलकुल. मराठी घरात शंकरपाळे जमतात त्याला हेही जमतात, फरक नारळाच्या दुधाचा आणि आकाराचा.

मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा १००, पिठीसाखर १२५, तूप ५० कडकडीत मोहन, मीठ अर्धा चमचा, एका नारळाचं घट्ट दूध अंदाजे २०० मिली. अंडं घातलं नाही, कारण पाकिटं अंडं न खाणाऱ्या घरांतही जाणार आहेत. दूध एकदम ओतू नये. रवा अर्ध्या तासात पिऊन घेतो आणि सैल वाटलेलं पीठ घट्ट होतं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं.

बोराएवढी गोळी, काट्याच्या पाठीला तुपाचं बोट, गोळी अंगठ्याने दाबून पातळ पसरायची आणि दातांच्या टोकाकडून गुंडाळत आणायची. शिंपल्यासारखी वळी होते, वर रेघा उमटतात. शेवटची कड दाबून बंद करावी. उघडी राहिली तर तेल आत भरतं आणि चार दिवसांत खवट वास येतो. साधारण २२० नग झाले. सहाजणांना दोन तास.

तेल मध्यमपेक्षा कमी गरम. पिठाचा कण टाकला की तो सावकाश वर यावा. साखर पिठात असल्याने तेज आचेवर बाहेरून लगेच लाल होतात आणि आत कच्चे राहतात. पहिला घाणा असाच गेला. एका घाण्याला पाच-सहा मिनिटं. बदामी रंगाच्या जरा आधीच काढायचे, बाहेर आल्यावर रंग आणखी चढतो. एकाच वेळी जास्त टाकले की तेल गार होतं आणि कुलकुल ते पितात. तूप २०० ग्रॅमच्या प्रमाणात घालून केलेला छोटा नमुना तेलात विरून गेला. मोहन जास्त झालं की असंच होतं.

कागदावर पसरून दोन तास पूर्ण गार केले. कोमट भरले तर पिशवीत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. ९० ग्रॅमची दहा पाकिटं. पाकिटावर मैदा, नारळ, तूप असं लिहिलं आणि १ जानेवारीपर्यंत संपवा असंही. नारळाच्या दुधामुळे शंकरपाळ्याइतके टिकत नाहीत.

२२ डिसेंबर, रविवार

बांधाबांध. खाकी कागद दहा ताव ८०, सुतळी ३०. वहीला नुसती सुतळी, कागद नाही. कापड दिसलं पाहिजे. ग्लासांना वर्तमानपत्राची वळी आणि वर खाकी. पतंगी कागदाच्या कातरणातून छोट्या ताऱ्यांच्या चिठ्ठ्या.

हिशोब. तारे २९४. वह्या ३०२ (रीमचे २०० परत धरून). मेणबत्त्या ४९५. बोळकी १२०, नाचणी १०. कुलकुल ३१२, त्यात मैदा ४५, रवा १२, साखर २३, तूप ३२, नारळ ४०, तेल १४०, पिशव्या २०. चाचणीचा दिवा ४०. बांधणी ११०. एकूण १६८३. शिल्लक ११७. ४८ भेटींवर वाटलं तर नगाला ३५ रुपये. बोळकी धरून ६१ नगांवर साडेसत्तावीसच्या आसपास. लिटरभर तेलातलं अर्धं उरलं, ते गॅस दिलेल्या घरी ठेवलं.

सगळ्यात महाग मेणबत्ती, ४१ रुपये, चाळीसची मर्यादा तिथेच ओलांडली. त्यातले साडेबारा नुसत्या तेलाचे. पुढच्या वेळी बिनवासाची केली तर २९ ला बसेल. सगळ्यात स्वस्त वही, २२ च्या आत, आणि सर्वात जास्त तासही तिलाच लागले.

२४ डिसेंबर, मंगळवार

बोळक्यांत नाचणी पाच-सहा सेंटिमीटर आली. दोन बोळक्यांत पाणी साचून रोपं आडवी पडली, ती ठेवून घेतली, अकरा वाटली. मध्यरात्रीच्या मिस्सेआधी शेवटच्या तीन मेणबत्त्या पोचल्या. शिल्लक ११७ मधून पुढच्या वर्षीच्या कामट्यांसाठी बुरुडाकडे आगाऊ १०० दिले, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओल्या, २ मिलिमीटरला तासलेल्या मिळतील.